पिझो पट्टीतून वीज किती मिळते? आधी यंत्राला विचारा

"पिझोइलेक्ट्रिकवर काम करायचंय. कंपनातून किती वीज मिळेल?" एम.टेक.चा विषय शोधणारे आणि पीएचडीचा प्रस्ताव लिहायला बसलेले विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. कशाच्या कंपनातून, हे कळल्याशिवाय त्याला उत्तरच नाही. आणि या विषयातले बरेचसे गैरसमज, काही छापून आलेल्या पेपरांतलेसुद्धा, हा अर्धा भाग गाळल्यामुळे झालेले आहेत. तीन-चार वर्षं एखाद्या विषयाला द्यायची असतील, तर हा हिशेब पहिल्याच आठवड्यात केलेला बरा. या लेखात आपण तोच करू. गणित बारावीच्या पुढे जाणार नाही.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू. 'चालता चालता वीज', 'रस्त्यातून वीज' अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. टोकियो स्टेशनवर जपानच्या रेल्वे कंपनीनं खरंच अशी फरशी बसवून प्रयोग केले होते. पण आकडा मांडून बघा. ६० किलोचा माणूस, म्हणजे साधारण ६०० न्यूटन वजन. फरशी ५ मिलिमीटर दबली असं धरा (इतकी दबणारी फरशी पायाला चांगलीच जाणवते). काम झालं ३ ज्यूल, तेही रूपांतरात काहीच वाया गेलं नाही असं मानून. ९ वॉटचा एलईडी बल्ब त्यावर सेकंदाचा एक तृतीयांश भाग जळेल. शिवाय ती ऊर्जा फुकटची नाही, चालणाऱ्याच्या पायातून आलेली आहे. तेव्हा घर उजळवणं हे या क्षेत्राचं काम नव्हे. इथला हिशेब मायक्रोवॅटमध्ये चालतो, म्हणजे वॉटचा दहा लाखावा भाग. आणि गिऱ्हाईक असतं एखादा छोटासा वायरलेस सेन्सर.

पट्टी का?

शाळेत बाकाच्या कडेवर स्टीलची पट्टी दाबून तिचं बाहेरचं टोक टर्रर्र वाजवलं असेलच. इंजिनिअरिंगच्या भाषेत तोच कॅन्टिलिव्हर. पट्टी जितकी बाहेर काढाल तितका आवाज जाड, आत ओढाल तितका बारीक. अर्धा मिलिमीटर जाडीची स्टीलची पट्टी २० सेंटिमीटर बाहेर असेल तर सेकंदाला साधारण १० वेळा हलते. १० सेंटिमीटर ठेवली तर ४० वेळा. लांबी निम्मी, फ्रिक्वेन्सी चौपट. टोकाला वजन चिकटवलं की फ्रिक्वेन्सी उतरते. लांबी, जाडी आणि टोकाचं वजन ही तीन हत्यारं वापरून पट्टी हव्या त्या फ्रिक्वेन्सीला जुळवता येते.

जुळवायची कशाला? कारण यंत्रांची कंपनं फार छोटी असतात. ५० हर्ट्झला १ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण असेल, तर यंत्राचा पत्रा प्रत्यक्षात फक्त १० मायक्रॉन मागेपुढे होतो. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. एवढ्या हालचालीनं पिझोवर काही होत नाही. पण पट्टीची स्वतःची फ्रिक्वेन्सी यंत्राच्या फ्रिक्वेन्सीला नेमकी जुळली, की झोक्याला योग्य वेळी हात लावल्यासारखं होतं. दर फेरीला थोडी थोडी ऊर्जा साठत जाते आणि टोक पाव मिलिमीटर हलायला लागतं. पंचवीसपट. हाच अनुनाद, ज्याला आपण सगळे रेझोनन्सच म्हणतो.

पट्टी वाकली की वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. मधे कुठेतरी एक रेषा अशी असते की जी ना ताणली जाते ना दाबली जाते. म्हणून पितळ किंवा स्टीलचा पातळ पत्रा मधे ठेवून त्याच्या वर आणि खाली पिझो सिरॅमिकचे थर चिकटवतात. याला बायमॉर्फ म्हणतात. पत्रा काढून एकच जाड पिझो थर ठेवला, तर अर्धा भाग ताणलेला, अर्धा दाबलेला, दोन्हीकडचे चार्ज उलट्या चिन्हांचे, आणि बेरीज जवळजवळ शून्य! हा मुद्दा परीक्षेत दोन मार्कांचा वाटतो, पण अर्धी डिझाइन याच एका वाक्यावर उभी असते. पट्टी सर्वात जास्त ताणली जाते ती पकडलेल्या टोकाजवळ. मोकळ्या टोकाला ताण शून्य. मग तिथपर्यंत महागडं सिरॅमिक पसरवायचं कशाला? आणखी एक. पट्टी दुसऱ्या मोडमध्ये हलायला लागली, तर पकडलेल्या टोकापासून सुमारे २२ टक्के लांबीवर ताणाचं चिन्ह उलटतं. तिथे इलेक्ट्रोड अखंड ठेवला असेल, तर पट्टी छान नाचतेय आणि व्होल्टेज मात्र मरतुकडं, असा प्रकार होतो. इलेक्ट्रोड त्या जागी तोडावा लागतो.

पिझो परिणामाचा शोध पिअर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये लावला. स्फटिक दाबला की चार्ज येतो, हे त्यांनी क्वार्ट्झ, टुर्मलिन वगैरेंवर दाखवलं. आज प्रयोगशाळेत मिळतं ते बहुधा पीझेडटी, म्हणजे शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांचं सिरॅमिक. ताकदवान, पण ठिसूळ आणि शिसेयुक्त. शिशाशिवाय तसंच काम देणारा पदार्थ शोधणं हे मटेरियल सायन्सवाल्यांचं वेगळं आणि मोठं शेत आहे. आपण तिकडे जात नाही.

एका ओळीचं सूत्र

आता मूळ प्रश्न. किती मिळेल?

सोपं मॉडेल घ्या: एक वस्तुमान, एक स्प्रिंग, आणि दोन ठिकाणी ऊर्जा गळते आहे. एक गळती यांत्रिक. हवा, चिकटवलेला थर, पकड, सगळ्यांची मिळून. दुसरी 'गळती' म्हणजे आपण काढून घेतो ती वीज. हो, पट्टीच्या दृष्टीनं वीज काढणं हेही डॅम्पिंगच. सायकलचा डायनॅमो चाकाला टेकवला की पेडल जड होतं ना, तसं. फार कमी वीज काढली तर हाती काही लागत नाही. फार ओढली तर पट्टी हलायचीच थांबते. मधला सोन्याचा बिंदू असतो तो दोन्ही डॅम्पिंग सारखी असतात तेव्हा. त्या बिंदूला मिळणारी जास्तीत जास्त शक्ती अशी:

शक्ती = (वस्तुमान × त्वरणाचा वर्ग) ÷ (१६ × डॅम्पिंग गुणोत्तर × कोनीय फ्रिक्वेन्सी)

यात त्वरण म्हणजे यंत्राच्या त्वरणाचं शिखर मूल्य, आणि डॅम्पिंग गुणोत्तर फक्त यांत्रिक. विल्यम्स आणि येट्स यांच्या १९९६ च्या कामापासून हे मॉडेल या क्षेत्राची बाराखडी झालं आहे.

सूत्र नीट बघा. यात पिझोचा कुठलाही गुणधर्म नाही! चार्ज किती देतो, कुठल्या कंपनीचा आहे, काही नाही. आहे ते वस्तुमान, यंत्राचं त्वरण आणि गळती. पिझो पुरेसा चांगला असेल तर तो तुम्हाला या मर्यादेपर्यंत नेतो. मर्यादा ओलांडून नाही. 'आम्ही नवा पदार्थ वापरला, शक्ती दसपट झाली' असं कुठे वाचलं, तर आधी ही मर्यादा काढा. जुना प्रयोग मर्यादेच्या खूप खाली असेल तर दावा पटण्यासारखा आहे. नसेल तर दोन प्रयोगांत त्वरण वेगळं होतं का, हे शोधा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर सापडतं, कारण त्वरणाचा वर्ग आहे. शेकरचा नॉब तिप्पट फिरवला की शक्ती नऊपट.

एक उदाहरण. टोकाला १० ग्रॅम वजन, त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, डॅम्पिंग ०.०१. उत्तर येतं साधारण २०० मायक्रोवॅट. सर्व काही आदर्श असताना.

बर्कलीच्या राउंडी, राइट आणि राबे यांनी २००३ मध्ये एक फार उपयोगी गोष्ट केली. घरातली, ऑफिसातली, कारखान्यातली कंपनं खरोखर मोजून त्यांचा तक्ता छापला. छोट्या मायक्रोवेव्ह ओव्हनवर २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, १२१ हर्ट्झला. मशीन टूलच्या पायावर १०, ७० हर्ट्झला. वर्दळीच्या रस्त्यालगतच्या खिडकीवर ०.७, १०० हर्ट्झला. गजबजलेल्या ऑफिसच्या दुसऱ्या मजल्याच्या जमिनीवर फक्त ०.२. त्यानंतर २००४ मध्ये त्यांच्या एक घन सेंटिमीटरच्या पिझो पट्टीनं २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि १२० हर्ट्झला ३७५ मायक्रोवॅट दिले. हा आकडा आणि तो १२० हर्ट्झ, दोन्ही पुढे शेकडो पेपरांत उतरले.

पण १२० का? अमेरिकेतला वीजपुरवठा ६० हर्ट्झचा. ट्रान्सफॉर्मर आणि मोटरमधलं चुंबकीय बल दर फेरीत दोनदा शिखर गाठतं, म्हणून कंपन १२० ला. आपल्याकडे पुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणजे तीच उपकरणं इथे १०० ला गुणगुणतात. अमेरिकन पेपरमधली १२० ची पट्टी जशीच्या तशी बनवून आपल्या यंत्रावर लावली, तर एकूण डॅम्पिंग ०.०२ धरून तिला तिच्या शिखर शक्तीच्या जेमतेम एक टक्का मिळेल. पट्टीत दोष काहीच नसेल.

शिखर अरुंद आहे

हा या लेखाचा खरा मुद्दा, म्हणून इथे जरा रेंगाळू.

रेझोनन्स जितका तीव्र, तितका अरुंद. एकूण डॅम्पिंग ०.०२ असलेल्या पट्टीची शक्ती निम्म्यावर यायला फ्रिक्वेन्सी दोन टक्के इकडेतिकडे झाली तरी पुरते. पेपरमधल्या आलेखात ते टोकदार शिखर सुंदर दिसतं. लेखकही शिखराचाच आकडा सारांशात देतात. पण शिखर हा पट्टीचा आकडा आहे. यंत्र त्या शिखरावर किती वेळ उभं राहतं, हा यंत्राचा आकडा. तुमच्या सेन्सरला मिळणारी वीज या दोन्हींवर ठरते.

आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. पाण्याच्या पंपाची किंवा वर्कशॉपमधली चार पोलची इंडक्शन मोटर. नेमप्लेटवर बहुधा १४४० आरपीएम लिहिलेलं असतं. म्हणजे सेकंदाला २४ फेऱ्या. रोटरमध्ये थोडा असमतोल असतोच, म्हणून बॉडीवर २४ हर्ट्झचं कंपन येतं. छान, पट्टी २४ ला जुळवली. पण १४४० हा पूर्ण भाराचा वेग आहे. भार उतरला की मोटर १५०० च्या जवळ सरकते. १४९० ला फ्रिक्वेन्सी झाली २४.८. आपल्या पट्टीची निम्म्या शक्तीची खिडकी आहे साधारण २३.५ ते २४.५, म्हणजे १४१० ते १४७० आरपीएम. मोटर खिडकीबाहेर गेली. हिशेब केला तर शक्ती राहते चतुर्थांश. त्यात मोटर तापली की पट्टीही तापते, चिकटवलेला थर मऊ पडतो, पट्टीची स्वतःची फ्रिक्वेन्सी खाली सरकते. यंत्र वर चाललंय, पट्टी खाली.

आणि त्वरण किती असतं? जुन्या आयएसओ १०८१६ या मानकात १५ किलोवॉटपर्यंतच्या छोट्या यंत्रांसाठी कंपनाचा वेग १.८ मिलिमीटर प्रति सेकंद आरएमएसपर्यंत असेल, तर यंत्र दीर्घकाळ चालवायला ठीक समजतात. २४ हर्ट्झला याचं शिखर त्वरण होतं सुमारे ०.३८ मीटर प्रति सेकंद वर्ग. सूत्रात घाला: १० ग्रॅम वजनाला आदर्श स्थितीत ६० मायक्रोवॅट. भार उतरल्यावर १५. आणि ही झाली 'ठीक' यंत्राची वरची हद्द. नीट बॅलन्स केलेली, निगा राखलेली मोटर याहून कितीतरी कमी हलते. म्हणजे गंमत अशी की यंत्राची तब्येत बघायला बसवलेल्या सेन्सरला यंत्र ठणठणीत असताना उपाशी राहावं लागतं. यंत्र बिघडायला लागलं की पोटभर मिळतं! हा विरोधाभास काहींनी चतुराईनं वापरलाही आहे: वीज किती येते हेच मोजमाप समजायचं. पण सेन्सरनं नेहमी नियमित माहिती पाठवावी अशी अपेक्षा असेल, तर प्रस्तावात या प्रश्नाला उत्तर हवं.

मग काय, इंडक्शन मोटर सोडून द्यायची? नाही. तिच्यावर दुसरं कंपन आहे, १०० हर्ट्झचं, चुंबकीय बलातून येणारं. ते भाराबरोबर सरकत नाही, ग्रिडबरोबर चालतं. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे. दुप्पट केलं तर ९९.८ ते १००.१. आणि १०० हर्ट्झच्या पट्टीची निम्म्या शक्तीची खिडकी ४ हर्ट्झ रुंद. आरामात बसतं. त्या जागी त्वरण पुरेसं आहे का, ते मात्र मोजूनच कळेल. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीचंही तसंच, तोही १०० ला गुणगुणतो. (ट्रान्सफॉर्मरवर बसून कंपनातून वीज काढायची, हे गंगेकाठी विहीर खणण्यासारखं वाटेल. पण हाय व्होल्टेजच्या उपकरणावर सेन्सरसाठी वेगळी तार ओढणं आणि तिचं इन्सुलेशन सांभाळणं हे सोपं काम नाही.)

दुसऱ्या टोकाला माणसाचं चालणं. २ हर्ट्झ, त्वरण ३ म्हणा. सूत्रात फ्रिक्वेन्सी खाली आहे, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीला भरपूर शक्ती मिळणार असं दिसतं. पण पट्टीचं टोक किती हलायला हवं ते काढा. डॅम्पिंग ०.०२ ला जवळजवळ अर्धा मीटर! मनगटावरच्या घड्याळात अर्धा मीटर कुठून आणणार? म्हणून शरीराच्या हालचालीसाठी रेझोनन्सवर चालणारी पट्टी सहसा कामाची नाही. तिथे पट्टीला सतारीच्या तारेसारखं छेडून सोडून देतात आणि ती आपल्या उंच फ्रिक्वेन्सीला वाजत राहते.

खिडकी रुंद करता येईल का?

या प्रश्नावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत खूप काम झालं. वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्यांची रांग, चुंबकानं फ्रिक्वेन्सी बदलणं, आणि सर्वात लोकप्रिय म्हणजे नॉनलिनिअर पट्टी. टोकाजवळ चुंबक असे ठेवायचे की पट्टीला मधे उभं राहायला जागाच नाही. ती डावीकडे तरी झुकते किंवा उजवीकडे. जोरात हलवलं की ती या बाजूवरून त्या बाजूवर उड्या मारते, आणि उडी मोठी असल्यामुळे वीजही जास्त. मून आणि होम्स यांनी १९७९ मध्ये अशी पट्टी केऑस समजून घ्यायला वापरली होती. २००९ मध्ये एर्टर्क, हॉफमन आणि इनमन यांनी तिच्यावर पिझो चढवला. त्याच वर्षी इटलीच्या कोत्तोने, वोक्का आणि गामाइतोनी यांचंही काम आलं. त्यानंतर पेपरांची रीघ लागली.

माझं मत विचाराल तर इथे उत्साह थोडा जास्तच झाला. उडी मारायला किमान जोर लागतो. कंपन त्याहून दुबळं असेल, तर पट्टी एका खळग्यात पडून किरकिरत राहते आणि साध्या पट्टीपेक्षाही कमी देते. आणि आपण वर पाहिलंच, खरी यंत्रं दुबळीच असतात. शिवाय केंब्रिजच्या लँगली यांनी २०१४ मध्ये एक सुंदर निकाल मांडला: कंपन पूर्ण विस्कळीत असेल, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच प्रमाणात असतील, तर हार्वेस्टरमध्ये शिरणारी एकूण शक्ती फक्त त्याच्या वस्तुमानावर आणि कंपनाच्या पातळीवर ठरते. स्प्रिंग सरळ असो, वाकडी असो, दोन खळग्यांची असो, काही फरक पडत नाही. डिझाइन एवढंच ठरवतं की आत आलेल्यातलं किती विजेत जाईल आणि किती उष्णतेत. नॉनलिनिअरवर प्रस्ताव लिहिणार असाल, तर हा पेपर आधी वाचा. तुमचं कंपन त्या दोन टोकांच्या मधलं, म्हणजे ना एका सुराचं ना पूर्ण गोंगाटाचं, असेल तरच त्यात संशोधनाला खरी जागा आहे. आणि ते तसं आहे हे दाखवायला तुमच्याकडे मोजलेला डेटा लागेल.

व्होल्ट पाहून भुलू नका

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत बझरच्या पितळी चकत्या काही रुपयांत मिळतात. एक आणा, मीटर जोडा, टिचकी मारा. व्होल्टमध्ये आकडा उडेल. प्रदर्शनांत इथेच टाळ्या पडतात.

पण पिझो म्हणजे विजेच्या दृष्टीनं एक छोटा कपॅसिटर. ५० नॅनोफॅरड धरला, तर ५० हर्ट्झला त्याचा विरोध होतो ६४ हजार ओहमच्या आसपास. मीटरचा स्वतःचा विरोध १ कोटी ओहम. त्याच्यावर २० व्होल्टचं शिखर दिसलं, तरी मीटरमध्ये प्रत्यक्ष गेलेली शक्ती फक्त २० मायक्रोवॅट असते. खरी शक्ती कळायला शंभर ओहमपासून दहा लाख ओहमपर्यंत वेगवेगळे रेझिस्टर लावून प्रत्येकावर व्होल्टेज मोजायचं आणि आलेख काढायचा. शिखर बहुधा काही दहा हजार ओहमवर मिळतं. लोड बदलला की पट्टीची रेझोनन्स फ्रिक्वेन्सीही थोडी सरकते, त्यामुळे प्रत्येक रेझिस्टरला फ्रिक्वेन्सी पुन्हा शोधावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण याशिवायचा आकडा कुणी मानू नये.

सेन्सरला मात्र रेझिस्टर नको, स्थिर डीसी हवा. रेक्टिफायर, कपॅसिटर, कन्व्हर्टर, प्रत्येक जण आपला वाटा घेतो. एलटीसी३५८८ सारखी चिप वापरली, तर ती स्वतःसाठी एका मायक्रोॲम्पिअरपेक्षा कमी घेते, तरीही रेझिस्टरवरचा आकडा सेन्सरपर्यंत पोचेतो निम्मा झाला तर नवल वाटून घेऊ नका. पेपर वाचताना शक्ती कुठे मोजली आहे ते बघा: उघड्या टोकांवर, रेझिस्टरवर, की कन्व्हर्टरच्या पलीकडे? तिन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी बसवलेले दिसतात, आणि तशी तुलना निरर्थक असते. मॉडेलबद्दलही एक खूण: टोकाला वजन नसलेल्या पट्टीला साधं एक-वस्तुमानाचं मॉडेल थेट लावलं, तर हालचाल सुमारे ३५ टक्क्यांनी कमी येते. एर्टर्क आणि इनमन यांनी २००८ मध्ये त्यासाठी १.५६६ हा दुरुस्ती-गुणक दिला. टोकाला वजन बरंच असेल तर फरक नगण्य.

मोडतं कुठे, हेही सांगून ठेवतो. जिथे ताण जास्त तिथे वीज जास्त, आणि भेगही तिथेच. पकडलेल्या टोकाजवळच. पकड सैल असेल तर डॅम्पिंग वाढतं आणि सगळं मुसळ केरात. तारा सोल्डर करताना लक्षात ठेवा की पीझेडटी-५ए या नेहमीच्या प्रकाराचं क्यूरी तापमान ३५० अंशांच्या आसपास आहे आणि सोल्डरिंग गनचं टोकही तेवढंच तापतं. टेकवून धरून बसलात तर त्या जागेची पिझो शक्ती जाते. झटकन लावा, झटकन काढा.

सेल का नको?

हा प्रश्न तुमच्या प्रस्तावाच्या तोंडी परीक्षेत येणार, नक्की येणार. सीआर२०३२ हा बटन सेल २२५ मिलिॲम्पिअर-तास, ३ व्होल्ट. म्हणजे सुमारे २,४०० ज्यूल. तुमचा सेन्सर सरासरी ५० मायक्रोवॅट खात असेल, तर दीड वर्ष चालेल. १० मायक्रोवॅट खात असेल तर साडेसात वर्षं, कागदावर तरी. आणि आपल्या मोटरवरची पट्टी देत होती १५ ते ६० मायक्रोवॅट, तेही कन्व्हर्टरच्या आधी, मोटर चालू असेपर्यंत. काही रुपयांच्या सेलशी स्पर्धा आहे ही.

तेव्हा उत्तर तयार हवं. तापमान इतकं आहे की सेल टिकत नाही? जागा अशी आहे की एकदा बंद केल्यावर उघडता येत नाही? सेन्सर हजारोंनी आहेत आणि सेल बदलायला माणूस पाठवणं सेलपेक्षा कितीतरी महाग आहे? रेल्वेच्या चाकांच्या बेअरिंगवर साउदॅम्प्टन विद्यापीठातून निघालेल्या परपेट्युअम या कंपनीनं हे जमवलं, कारण तिथे कंपन जोरदार आहे आणि दर चाकाला तार ओढणं अशक्यप्राय. पण त्यांच्या डबीत पिझो नाही, चुंबक आणि कॉइल आहे. मोठ्या आकारात चुंबक-कॉइल सहसा सरस ठरतं. पिझोची बाजू भक्कम होते ती आकार लहान होत जातो तेव्हा. तुमचा हार्वेस्टर मुठीएवढा असेल, तर 'पिझोच का' हेही कुणीतरी विचारेल.

तर सुरुवात कुठून करायची? फोनपासून. आखन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, त्यात फोनचा त्वरणमापक वापरून स्पेक्ट्रम काढता येतो. तुमच्या कॉलेजमधला पंप, कॉम्प्रेसर, लेथ निवडा, देखरेख करणाऱ्या तंत्रज्ञाला विचारा, आणि फोन बॉडीच्या जाड भागावर दुहेरी टेपनं घट्ट चिकटवा. हातात धरून चालणार नाही. पातळ पत्र्यावर ठेवलात तर फोनच्या वजनानं पत्र्याचं कंपनच बदलतं. फोन सेकंदाला किती नोंदी घेतो ते आधी बघा. १०० घेत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं काही खरं धरू नका, १०० हर्ट्झची गुणगुण त्याला दिसणार नाही किंवा भलत्याच जागी दिसेल. एक दशांश हर्ट्झचा फरक ओळखायचा तर निदान १० सेकंदांची नोंद लागते, मिनिटभर घ्या. मग मोटर रिकामी असताना, अर्ध्या भारावर, पूर्ण भारावर, थंड असताना, तासभर चालल्यावर, अशा वेगवेगळ्या नोंदी घ्या. प्रत्येकीतून सर्वात उंच शिखराची फ्रिक्वेन्सी आणि त्वरण वहीत लिहा, वरच्या सूत्रात घाला, निम्मं करा. पट्टीची ऑर्डर त्यानंतर.